वसंताच्या हातातला घास

पोलादपूरच्या स्टँडवर धुरळा उडवत एसटी आली, तेव्हा वसंत माझ्या कडेवर झोपला होता. माझी सासू, जिला आम्ही सगळे आये म्हणायचो, डोंगरातल्या वाडीपासून आमच्याबरोबर चालत आली होती. तिने नाचणीच्या पिठाचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि पोराच्या गालाला काजळाचं बोट लावलं.

"ह्याला तरी जप गो," एवढंच म्हणाली आणि गाडी सुटायच्या आत पाठ फिरवून चालू लागली.

'ह्याला तरी' का, हे वाडीत राहिलेल्यांना ठाऊक आहे आणि माझ्यासारखे मुंबईला गेले त्यांनाही. पण अर्धंच ठाऊक आहे, म्हणून हे लिहिते.

वसंताच्या आधी मला सुमन झाली होती. ती नुकती पावलं टाकू लागली होती. एका सकाळी आयेने शेंगदाण्याचे लाडू वळले आणि कौतुकाने एक बारीक तुकडा तिच्या तोंडात घातला. बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. माझा दीर तिला छातीशी धरून पोलादपूरच्या डॉक्टरकडे धावत सुटला. अर्ध्या वाटेवरूनच तो परत आला. सावकाश चालत आला, त्यावरूनच मी समजले.

त्या सकाळी शेजारची काशीकाकी डोकावून गेली होती. तिला मूलबाळ नव्हतं. सुमनचा गाल कुरवाळून "माजी बाय ती" म्हणाली होती. वाडीने तेवढंच धरलं. हिची नजर लागली! विहिरीवर बायका आपल्या कळश्या तिच्यापासून बाजूला ओढू लागल्या. शेवटी ती विधवा बाई दाराला कडी घालून कशेडी घाटापलीकडे भावाकडे निघून गेली.

पुढे वसंत झाला. तो बसायला लागला तेव्हा भातातून दाण्याच्या चटणीचं बोट त्याच्या पोटात गेलं आणि तेच सुरू झालं, तशाच गांधी, तशीच घरघर. देवाच्या कृपेने तो वाचला. काशीकाकी तेव्हा वाडीत नव्हतीच, पण तरी कुणाला शंका आली नाही. म्हणाले, "तिकडनं बगते ती."

आमचे हे मुंबईला परळच्या गिरणीत होते, तेव्हा रजेवर आले होते. "हितं ऱ्हायलो तर ह्ये पन पोर जाईल," म्हणाले. "मुंबईत डाक्तर हायेत. चल."

धरमतरपर्यंत एसटी, तिथून लाँच, मग भाऊचा धक्का. ह्यांच्या परळच्या खोलीत गावचे आणखी चौघे होते. आम्ही आल्यावर ते बिचारे गॅलरीत झोपू लागले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी वसंताला तपासलं, सगळं विचारून घेतलं.

"ह्याला शेंगदाणा सोसत नाही. जन्मात पुन्हा देऊ नका. नवीन पदार्थ एका वेळी एकच, आणि थोडाच द्या. काही होत नाही असं दिसलं तरच पुढचा."

मी सुमनचं सांगितलं.

"बाई, ती नजर नव्हती. तो लाडू होता."

मी खोलीवर आले आणि दार लावून रडले. सुमनसाठी रडले, काशीकाकीसाठी रडले. आणि लाडू भरवणारा तो हात आठवून आयेसाठीही रडले.

चाळीतल्या बायका प्रेमळ होत्या, तेच माझं भय होतं. कुणीही येता-जाता पोराच्या तोंडात काहीतरी घालायची. म्हणून मी वसंताला स्वतःच्या हाताने खायला लावलं. मूठ मिटली तरी टोक वर राहील अशी उकडलेल्या रताळ्याची लांबट फोड. मग मऊ शिजवलेला दुधी. मग केळं, मग आसट भाताचे छोटे मुटके. हात भरलेला असला की पोर दुसऱ्याच्या घासाला तोंड उघडत नाही. तो कपाळाला, कानाला सगळीकडे रताळं फासायचा आणि मी त्याचे ओठ न्याहाळत समोर बसायचे. ते बघणं हाच माझा दिवस. शेजारीण एकदा फणकारली, "आमच्या हातचं चालत नाय वाटतं?" मी तिला सुमनचं सांगितलं, तेव्हा ती माझ्याजवळ बसून राहिली.

शिमग्याला आम्ही वाडीला गेलो. सांगावं की गिळावं, हे वाटभर ठरेना. सांगितलं तर आये मोडेल. न सांगावं तर काशीकाकी जन्मभर चेटकीण राहील. ओटीवर सगळे बसले असताना मी सांगून टाकलं.

आये आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. "म्हंजे माज्या हातानं?"

दुसऱ्या दिवशी तिने मला बरोबर घेतलं आणि आम्ही काशीकाकीच्या भावाचं घर गाठलं. आयेने तिचे पाय धरले. काशीकाकीने पाय मागे घेतले.

"मी त्या पोरीला त्याल लावून न्हाऊ घालायची. तुमी नजर म्हनलात तवा मला कुनी इचारलं नाय," ती म्हणाली. तिने आम्हाला पाणी दिलं आणि आत गेली ती बाहेर आली नाही. वाडीतही ती पुन्हा कधी आली नाही. आयेने त्यानंतर कुठल्याच लेकराला हाताने भरवलं नाही. वसंताचं ताट ठेवायची आणि लांब जाऊन बसायची.

मुंबईला गेल्यापासून मी परळला 'खोली' म्हणायचे आणि वाडीला 'घर'. त्या शिमग्यानंतर निघताना वसंत किरकिरत होता. मी त्याला उचललं आणि सहज बोलून गेले, "उगी रे, चल, आपल्या घरी जाऊ."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आये उंबऱ्यातच उभी होती.

आज ती नाही, वाडीतलं घरही बंद आहे. माझं घर परळलाच आहे, पण त्याला घर म्हणताना अजूनही माझा आवाज आपोआप खाली येतो.