चुना लागण्याआधी दगडफुलाच्या डोंगरावर

शैलाचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "डोंगरावरची जत्रा जवळ आली गं. झाडांच्या बुंध्यांना आता चुना लावतील. उद्याच जायला हवं."

शैला माझी कॉन्व्हेंटपासूनची मैत्रीण. निपाणीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली. दगडफुलाच्या जाती किती, कुठल्या, हे ती दरवर्षी डोंगरावरच्या त्याच झाडांच्या सालीवर, त्याच जागी तपासते. यंदा तिच्या डोळ्यांचा पडदा बिघडलाय. पुढच्या वर्षी भिंगातूनही दिसेल का, हे डॉक्टर सांगत नाहीत. मी लगेच हो म्हटलं.

बेळगावहून कडोलीची बस धरा. आधार कार्ड जवळ असू द्या. कर्नाटकातल्या बायकांना बसचं तिकीट पडत नाही. पुढची रिक्षा परतीसकट ठरवा, वर दुसरी मिळत नाही. पाणी आणि भाकरीही बरोबर हवी. चढ थोडाच, पण मुरूम घसरतो. शाळेच्या सहलीत शैला मला ओढत न्यायची. आज ती पायाने वाट चाचपत होती आणि मी तिचं कोपर धरून प्रत्येक वळणावर वर बघत होते. झाडं पांढरी झाली नसतील ना?

देवळापुढचा आंबा पांढरा नव्हता. हुश्श करून जवळ गेले, तर बुंधा खरवडलेला!

देवळाची झाडलोट करणाऱ्या आक्का गाठोडं घेऊन आल्या. "बाई, मागल्या साली तुमी दगडफूल बघत बसला हुता न्हवं? चुन्यात वाया जाईल म्हणून समदं काढून ठिवलं. चटणीला लई झ्याक!"

शैलाकडे बघायचं मला धाडस होईना. तिनं गाठोडं नाकाशी नेलं, म्हणाली, "केवढे कष्ट घेतलेत, आक्का." मग बोटं बुंध्यावरून फिरवली. "पानांसारखी वाढणारी दगडफुलं गेली. सालीला घट्ट चिकटलेली खुरप्यानं निघत नाहीत. तू भिंगातून बघ, मला सांग."

"राखाडी डाग आहे. त्यावर काळ्या रेघा, कुणी बारीक अक्षरांत लिहिल्यासारख्या."

"रेघांना फाटे फुटलेत?"

"हो."

"आहे मग, दरवर्षीची ती जात," ती म्हणाली.

तेवढ्यात आक्कांचा भाऊ चुन्याची बादली घेऊन आला. आक्का आडव्या आल्या. "अण्णा, ही बाजू ऱ्हाऊ दे."

"अर्धं झाड पांढरं, अर्धं काळं? लोकं हसतील की!"

"हसू देत. जत्रंला काय रडाय येत्यात व्हय?"

अण्णानं मान डोलावली, पण त्याचा भरवसा काय? निघताना मी आक्कांना माझा फोन नंबर दिला. परतीच्या बसमध्ये मी शैलाचा हात सोडला नाही.

जत्रा झाल्यावर बेळगावच्या खासबागेत, माझ्या घरी, आक्कांचा फोन आला. "चुना न्हाय लावला, बाई. पर तेवढीच जागा सोडलेली बघून लोकांना वाटलं, तितं देव हाय. हळद-कुंकू वाहिलं की वो!"

घाबरतच मी शैलाला कळवलं. ती इतकी हसली की मला रडू आलं. "बरं झालं. आता तिथं कुणी खुरपं लावणार नाही."

आक्कांचं दगडफूल माझ्या मसाल्याच्या डब्यात आहे. चटणीत घालायला हात धजत नाही. पुढच्या जत्रेआधी पुन्हा जायचं ठरलंय. शैलाला दिसलं तर ती बघेल. नाहीतर रेघांना फाटे फुटलेत का, ते मी सांगेन.