लालबागच्या गच्चीवर टोमॅटिलो

आमच्या लालबागच्या बिल्डिंगच्या गच्चीवर झाडं कमी आणि सल्ले जास्त. पाणी घालायला वर गेलेला माणूस एखादा किस्सा घेऊनच खाली येतो. माझ्याकडे यंदा इतके साठलेत की काही सांगून टाकलेलेच बरे. सगळे एकाच पिकाचे, टोमॅटिलोचे.

टोमॅटिलो म्हणजे मेक्सिकोकडचं फळ. टोमॅटोच्या जातीतलं, पण आंबट आणि कागदी वेष्टनात गुंडाळलेलं. माझ्या नवऱ्याने, अनिलने, आजारपणात मोबाइलवर त्याची चटणी बघितली आणि बी मागवलं. हिरवा, जांभळा, पिवळा, तिन्ही वाण. पाकिटं आली तेव्हा तो हॉस्पिटलमध्ये होता. घरी आला नाही.

उन्हाळ्यात मी हिरवं पाकीट पेरलं. एकच रोप जगलं.

*

तळमजल्यावरच्या सावंतकाकू मूळच्या मालवणच्या. रोप बघून म्हणाल्या, "ह्या काय गो बाय?"

"टोमॅटिलो, काकू."

"टोमॅटो बाजारात गावाक नाय?"

*

रोपाला फुलं भरपूर यायची आणि गळून पडायची. नायगावच्या शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या कांबळेसरांना दाखवलं.

"मॅडम, ह्याला स्वतःच्या परागांवर फळ धरत नाही. एकटं झाड नुसतं फुलतं. शेजारी दुसरं रोप हवं."

आमचे रिटायर्ड पोस्टमन तावडेकाका बाजूलाच उभे होते. ते उत्साहाने म्हणाले, "म्हणजे वहिनी, आता स्थळ बघायला हवं!"

सर पाण्याच्या टाकीकडे बघायला लागले.

"झाडाला! झाडाला म्हणतोय मी!" तावडेकाका ओरडले.

मला हसू आलं. अनिल गेल्यानंतर मी गच्चीवर पहिल्यांदाच हसले. तावडेकाका मात्र मी जिन्यात दिसले की बरेच दिवस वळून परत वर जायचे.

*

दुसरं रोप कुठल्या वाणाचं, यावर मीटिंग झाली. तावडेकाकांना पिवळा हवा होता, कारण पाकिटावरचा फोटो चांगला होता! पण ते पाकीट फोडलं तर ओल लागून बी पार बुरसलेलं.

सर म्हणाले, "जांभळा लावा. तो गोडसर असतो. हिरव्यात मिसळला की चटणीला चव येते."

"जांभळोच लाव," काकू म्हणाल्या. "वांग्यासारखो दिसता. लोकांक ओळखीचो वाटात."

होतं नव्हतं तेवढं बी पेरलं. ज्या वेबसाइटवरून मागवलं होतं ती तोवर बंद पडली होती. आता एखादं फळ नीट पिकलं तरच पुढच्या वर्षीसाठी बी राहणार होतं. अनिलने आणलेलं तेवढंच काय ते शिल्लक. हे मी कुणाला बोलले नव्हते, पण बहुतेक सगळ्यांना कळलं होतं.

*

जांभळी रोपं फुलली आणि दोन्हीकडे फळं धरली. आधी वेष्टन फुगतं, फळ आत सावकाश भरतं. हे तावडेकाकांना कोण सांगणार? एका सकाळी बघते तर निम्मी वेष्टनं फाडलेली.

"वहिनी, फसवलं तुम्हाला! सगळी रिकामी! मी उभ्या जन्मात कुणाला रिकामं पाकीट दिलं नाही!"

सरांनी त्याच दिवशी कुंडीवर पाटी लावली : 'पाकीट पत्त्यावरच्या माणसानेच उघडावे.'

*

उरलेली फळं भरत आली, वेष्टनं तडकायला लागली आणि गणपती आले. अनिल गेल्यामुळे यंदा आमच्याकडे सण नव्हता. सकाळी गच्चीवर गेले तर झाडांवर एकही फळ नाही!

काकूंकडे दर्शनाला गेले, तेव्हा सापडली. कोकणात गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं-भाज्या बांधतात. ती माटवी. काकूंच्या माटवीला नारळ-काकड्यांच्या मधोमध माझे टोमॅटिलो लटकत होते.

"पयला फळ देवाचा," काकू म्हणाल्या. "तुझ्या घोवाचा नाव घेवन बांधलंय."

मी वाकून देवाला नमस्कार केला.

विसर्जनाच्या दिवशी काकूंनी माटवी उतरवली आणि फळं प्रसाद म्हणून वाटली. तावडेकाकांनी त्यांचं तिथेच खाल्लं. शेवटचं, चांगलं पिकलेलं, माझ्या हातावर आलं. मी ते पदराआड न्यायला लागले.

"प्रसाद घराक न्हेवचो नाय. हयच खा!"

सगळे बघत होते. मी अर्धं खाल्लं. गोडसर होतं. उरलेलं अर्धं मुठीत धरून उभी राहिले.

मूर्ती उचलण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं असतं. सावंतकाका गेल्यापासून ते काकूच घालतात. त्यांनी माझ्या मुठीकडे एकदा बघितलं, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली,

"बा देवा महाराजा! ह्या बायन अर्धो प्रसाद मुठीत लपवल्यान हा, तिका माफी कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

"ता बी रुजांदे, वाढांदे, आणि फुडल्या वर्साक हिच्या घरात तुझी माटवी भरांदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज तावडेकाकांचा होता.