लाल चिठ्ठी

रामजी सोनटक्केला कुणी विचारलं, की पोरगी कुठं असते, तर तो म्हणतो, "जर्मनीत. युनिव्हर्सिटीत." आणि लगेच पाण्याची टाकी, एसीचा फिल्टर असं काहीतरी काढून बसतो. बहारीनमधल्या आपल्या मंडळींना वाटतं, माणसाला गर्व झालाय. गर्व कसला डोंबलाचा. पोरीचं नाव निघालं की तो विषय का बदलतो, ते मी सांगतो.

रामजी परभणीकडचा. आयटीआय करून आला आणि मीना सलमान बंदरातल्या एका जहाजदुरुस्तीच्या वर्कशॉपात एकोणीस वर्षं मोटारींच्या, पंपांच्या पोटात हात घालत राहिला. त्या वर्कशॉपात एक रीत होती. मोठ्या मशीनमध्ये उतरायचं तर आधी तिचं बटण बंद करायचं, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि वर आपल्या नावाची लाल चिठ्ठी अडकवायची. ज्यानं चिठ्ठी लावली त्यानंच ती काढायची; मॅनेजर आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा रामजी चिठ्ठी लावून जेवायला गेला आणि तो परत येईस्तोवर अख्खं जहाज धक्क्याला अडून राहिलं. ही गोष्ट तो दहा वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता. लावली आपण, काढू आपण, एवढं सोपं त्याचं जग होतं.

त्याची एकुलती एक मुलगी श्रावस्ती. नांदेडला होस्टेलवर राहून शिकली, मातीतल्या क्षारांवर तिनं पीएचडी केली. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून तिचा बहारीनचा व्हिसा बापाच्याच नावावर होता आणि दर सुट्टीत ती जिदहफ्सच्या दोन खोल्यांत आईजवळ येऊन राहायची. पंच्याण्णव साली तिला जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीनं दोन वर्षांसाठी संशोधक म्हणून बोलावलं. रामजीच्या आधीच्या सात पिढ्यांत कुणी शाळेच्या पायरीपुढं गेलेलं नव्हतं. पत्र आलं त्या दिवशी त्यानं ते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर ठेवलं आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला.

पत्रासोबत नव्यानं येणाऱ्या संशोधकांसाठी एक पुस्तिका होती. पोहोचल्यावर आठवड्याच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवा, आजारपणाचा विमा काढा, परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन परवाना घ्या, रविवारी आवाज करू नका. रामजीनं ती मशीनच्या मॅन्युअलसारखी वाचली आणि प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीनं खूण केली. दारावर आणि टपालपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, हेही त्यात होतं. त्यानं वर्कशॉपात पितळी पट्टीवर नाव कोरून आणलं. पोरीच्या आधी बापच जर्मनीत राहून आला म्हणा ना. कांता, त्याची बायको, नुसती बघत होती. ती एकदाच म्हणाली, की त्या पुस्तकात एकटं वाटल्यावर काय करायचं ते दिलंय का बघा.

ते दिलेलं नव्हतं. सप्टेंबरात श्रावस्ती गेली आणि नोव्हेंबरात तिचे शुक्रवारचे फोन रडवे झाले. पत्ता नोंदवला होता, विमा काढला होता, परवाना मिळाला होता. पण चार वाजता अंधार पडायचा. प्रयोगशाळेत सगळे सभ्यपणे मान हलवायचे आणि जेवायला आपापसात निघून जायचे. शनिवार-रविवार कुणाशी एक शब्द होत नसे. तिची पितळी पट्टी घरमालकिणीनं काढायला लावली होती, कारण बाकीच्या पाट्या पांढऱ्या होत्या. नाताळात ती परत येते म्हणाली. रामजीनं कसंबसं थोपवलं. मग जानेवारीत म्हणाली, "बाबा, फेब्रुवारीत येते आणि पुन्हा जात नाही. मला नाही जमत."

रामजीला झोप लागेना. त्याला ठाऊक होतं, एकदा ही आईच्या कुशीत येऊन पडली की संपलं. माघारी फिरलेली पोरं त्यानं गावात पाहिली होती. पुढं ती कधीच निघाली नाहीत. आणि त्याला एक गोष्ट सुचली. देवानं म्हणा की सैतानानं म्हणा, माणसाला असं काही सुचवू नये.

तो कंपनीच्या जैनुद्दीनकडे गेला. व्हिसाची, पासपोर्टची सरकारी कामं करणारा हा माणूस. मुलीचा रेसिडेन्स व्हिसा कॅन्सल करायचा, असं रामजीनं सांगितलं. येण्याची वाटच नसली तर ती तिथं पाय रोवेल, हा त्याचा हिशेब. वर्षभरात रुळली की पुन्हा काढून देऊ. जैनुद्दीननं कागदावरून मान वर केली.

"भाई, एक बार खलास किया तो खलास. फिर नया सब कुछ, नंबर से. सोच लो."

"लगाया मैंने, निकालूँगा भी मैं," रामजी म्हणाला आणि त्यानं सही केली. कांताला सांगितलं नाही. श्रावस्तीलाही नाही, निघतेच म्हणाली तर तेव्हा सांगू असं मनाशी ठरवून; तिच्या पासपोर्टावर तर अठ्ठ्याण्णवपर्यंतचा शिक्का तसाच होता. नंतर फोनवर त्यानं इतकंच सांगितलं, की उन्हाळ्यापर्यंत थांब, मग बघू.

आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही पण बघा. पुढच्या तीन आठवड्यांत पोरीचं आपोआप बरं झालं. प्रयोगशाळेतल्या एका बाईनं तिला घरी जेवायला नेलं, मग तिनं त्यांच्यासाठी पिठलं केलं. पेटीवर तिच्या नावाची पांढरी पाटी लागली. परत यायचं तिनं नावच टाकलं. म्हणजे रामजीनं जे कुलूप घातलं, त्याची कधी गरजच नव्हती.

फेब्रुवारीच्या मध्यावर कांताचे डोळे पिवळे झाले. सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी पोटातली गाठ दाखवली आणि महिना म्हणाले, मग चार दिवसांनी आठवडा म्हणाले. रामजी धावत जैनुद्दीनकडे गेला. व्हिजिट व्हिसा मिळेल, पण ईदची सुट्टी लागली होती. ऑफिसं उघडली की दोन दिवसांत, इंशाल्ला. सगळे धरून पाच दिवस. त्यानं जर्मनीला फोन लावला.

आईचं ऐकून श्रावस्ती म्हणाली, की मिळेल त्या विमानानं निघते. रामजी म्हणाला, थांब, मी इथून व्हिसा पाठवतो.

"व्हिसा कशाला? माझा चालू आहे, बाबा. सहा महिने बाहेर राहिलं तरच जातो ना तो, मला कुठं तेवढे झालेत?"

इथं सांगायचं होतं. अवघी चार वाक्यं होती. रामजीच्या तोंडाला कुलूप बसलं. पोरगी आपल्याला काय म्हणेल, या भीतीनं बसलं. दुसरं काही कारण नाही, आणि मी त्याची बाजू घेणार नाही. "तू पाच दिवस थांब, मी सांगतो म्हणून थांब," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणाला. आई मरणाला टेकलेली असताना कुठली पोरगी असल्या सांगण्यावर थांबेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या प्रयोगशाळेतून फोन आला, की ती निघाली, दुपारी पोहोचेल. रामजी विमानतळावर गेला. विमान उतरलं, माणसं सामान ढकलत बाहेर आली, संपली. तासाभरानं एका पोलिसानं त्याचं नाव पुकारलं आणि काउंटरवरचा फोन त्याच्या हातात दिला. श्रावस्ती आतून बोलत होती.

"बाबा, कॉम्प्युटरमध्ये व्हिसा कॅन्सल दाखवतंय. स्पॉन्सरनं केलाय म्हणतात." मग म्हणाली, "स्पॉन्सर तर तुम्ही आहात."

"हो," रामजी म्हणाला.

"तुम्ही केला?"

"हो, बाई. तू तिथं रुळावंस म्हणून."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मागं कुणीतरी अरबीत काही सांगत होतं. मग ती म्हणाली, की संध्याकाळच्या विमानानं परत पाठवतायत. आणि विचारलं, "आईला माहितेय?"

"नाही."

"सांगू नका. येतेय म्हणा."

रामजीनं पोलिसाचे हात धरले, जैनुद्दीनला बोलावलं, जैनुद्दीननं सणाच्या दिवशी चार ठिकाणी फोन लावले. सगळे हळहळले. पण जे कागदावर खलास होतं ते उघडायला ऑफिसात कुणीतरी बसलेलं लागतं, आणि ईद होती. काच होती, तिच्या पलीकडं पोरगी होती, आणि तिथून इस्पितळ टॅक्सीनं पंधरा मिनिटांवर.

तो वॉर्डात आला तेव्हा कांता जागी होती. चेहरा एवढासा झाला होता. "आली का वो?" तिनं विचारलं.

रामजी आयुष्यात कांताशी फारसं खोटं बोलला नव्हता. या वेळीही तसं खोटं बोलला नाही. "आलीय," तो म्हणाला. "बाहेर हाय."

कांतानं सिस्टर सुरैयाला हाक मारली आणि खुणेनं कंगवा मागितला. पोरगी पाच महिन्यांनी येतेय, असं तोंड घेऊन कसं भेटायचं. सुरैयानं तिचे विस्कटलेले केस विंचरले, बारीकशी वेणी घातली, कपाळ पुसलं. उशी उंच करून घेऊन कांता दाराकडं तोंड करून बसली.

"बोलवा ना आता," ती म्हणाली. "काऊन उभं केलंय तिला बाहेर?"