मामीच्या उशाशी टाकी

आमच्या खोपोलीच्या मामाला मासे काही जगवता आले नाहीत. शेवटी त्याने काचेच्या टाकीत मासे वगळून बाकी सगळं पाळलं. गोगलगायी, कोळंबी, ओढ्यातला एक खेकडा. बेडूकही आणला होता. तो पहिल्याच दिवशी उडी मारून मोरीत गेला आणि मीच त्याला केरसुणीने बाहेर हाकलला. दमले होते मी त्या घरात, खरं सांगते.

मामी अर्धांगाने अंथरुणाला खिळली, म्हणून माझी रवानगी कर्जतहून तिकडे झाली. पडल्यापडल्या बघायला तिला ती टाकीच. एखादा रंगीत मासा उलटा तरंगला की ती तोंड फिरवायची आणि दिवसभर पेजेचा घोटही घ्यायची नाही. "रंग नको, चिवट जात पायजे," म्हणत मामा सुजल्या पायांनी ओढ्यात उतरला.

खेकडा त्याचा भारी लाडका. त्याला वर येऊन बसायला दगडाचा ओटासुद्धा केला. जेवणाच्या वेळी एक शीत टाकीत, एक घास मामीला. "तो बघ कसा हाणतोय. तुला काय झालं गं?" मामी हसायची आणि तोंड उघडायची. मी तासभर विनवण्या करून जे होत नव्हतं ते तो खेकडा करायचा. राग यायचा मला, अगदी खरा राग.

श्रावण तोंडावर आला होता. मामाने टाकी धुतली, नवं पाणी निवळेपर्यंत जनावरं बादलीत ठेवली आणि शिळफाट्याला औषध आणायला गेला. मी गेले दळणाला. तेवढ्यात कळंबहून मामीची बहीण आली. आमच्याकडे आषाढ सरताना बादलीत खेकडा-कोळंबी दिसली, तर कोण काय समजणार? तिने कोकम टाकून झकास कालवण केलं आणि बहिणीला स्वतःच्या हाताने भरवलं.

मामा आला, रिकामी बादली बघितली आणि कालवणाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं.

"खेकडा सोडलात का टाकीत?" आतून मामीने विचारलं.

"सोडला की. दगडाखाली बसलाय, लाजतोय," असं म्हणून तो पानावर बसला आणि तेच कालवण मुकाट जेवला. मग मोरीवर हात धुवायला गेला तो लवकर येईना.

मामीने मला जवळ बोलावलं. "पयल्या घासालाच कळलं गं मला. बोलू नको त्यांना. मी जेवले नाय, तर परत ओढ्यात उतरतील."

त्या दिवसापासून मामी न सांगता जेवायला लागली. भूक नसायची, घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, पण वाटी रिकामी करायची. दिवाळीनंतर ती गेली. त्या सकाळीही पेज संपवूनच गेली.

तेरावं झाल्यावर मामा मला गाडीत बसवायला आला. "कायबी म्हण," तो म्हणाला, "खेकड्यानं तिला जेवायची सवय लावली."

मी हो म्हटलं.