स्क्रॅपबुकात न कापलेला शब्द

एके काळी सोनईच्या आजूबाजूला लग्न ठरलं की मंडपवाल्याच्या पाठोपाठ मला निरोप यायचा. मखमली पडद्यावर लावायचं ‘शुभविवाह’ आणि नवरानवरीची नावं मी घोटीव कागदातून कापायची. वय विशीचं आणि तोरा असा, जणू अक्षर हा प्रकार मीच शोधून काढला. बशीत चहा ओतून कुणी हातात दिल्याशिवाय कात्री उचलायची नाही. पेन्सिलीची रेघसुद्धा न मारता अख्खा शब्द एकसंध कापायचा; डोक्यावरच्या रेघेला अक्षरं अशी लटकायची, जसं दोरीवर धुणं. आतल्या पोकळ्या आधी, बाहेरची कड मागून, नाहीतर कागद टरकतो. शिवाय प्रत्येक पोकळीत कोयरी कोरायची हौस. मंडपवाला खळीचा डबा धरून खाली उभा असायचा. एकदा म्हणाला, “अक्षरं लई झ्याक हायेत, पण वाचायला दुर्बीण लागंल.” मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढं त्याच्याशीच लग्न केलं, यावरून माझी अक्कल ओळखा.

मागच्या दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. भोंग्यावरून अख्ख्या गावाला जेवायला बोलावणारा माणूस घशातून नुसता एक आवाज काढू लागला. नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पानापानावर चित्र आणि खाली मोठा शब्द अशी वही करा, बोट ठेवून काय हवं ते सांगतील. कॉलेजात जाणाऱ्या नातीला स्क्रॅपबुकांचा नाद. तिनं जाड पानं आणली, रंगीत कागद आणले. शब्द छापून आणते म्हणाली. मी कशी ऐकणार? हात थरथरतात, पण तोरा अजून विशीतलाच.

पाणी, चहा, भाकरी, पंखा, झोप, देव. लाल, पिवळे, हिरवे शब्द पानापानांवर बसले. नात म्हणाली, कोयऱ्या नकोत, आजोबांना वाचता यायला हवं. मी दोनचार चोरून कोरल्याच.

वही मांडीवर ठेवली की हे डाव्या हातानं पानं उलटायचे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. मग कुठल्या तरी पानावर थाप मारायचे. पाण्यावर मारली की मी पाणी पाजायची, ते तोंड फिरवायचे. पंख्यावर मारली की पंखा लावायची. शेवटी वही ढकलून द्यायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. मी शेजारणीला सांगितलं, आजारपणात हट्टी झालेत. इतकी मेहनत केली त्याची किंमत नाही, असंही मी वर म्हणाले.

एका दुपारी नात शेजारी बसून बघत होती. तिनं वही उचलून सगळी पानं चाळली.

“आजी, ह्यात ‘दुखतंय’ कुठंय?”

“असले शब्द कुणी कापून ठेवतं का घरात? शुभ बोलावं.”

“तू ठेव तुझं शुभ. त्यांना बोलायला एवढंच हाय ना?”

उभ्या जन्मात ह्या कात्रीतून वाईट शब्द निघाला नव्हता. लग्न, मुंज, बारसं, सत्यनारायण. माणसाला दुखतही असेल, हे कापायला बसताना माझ्या मनात आलंच नव्हतं. ‘नको’सुद्धा केलं नव्हतं.

नातीनं कडांसाठी आणलेला काळा कागद तसाच पडला होता. काळा मी कधी कापला नव्हता. ‘दुखतंय’ कापला. डोक्यावरचा ठिपका सुटा पडला, तो वेगळा चिकटवला. खळ ओली असतानाच पान ह्यांच्यापुढं धरलं.

त्यांनी त्यावर बोट ठेवलं. उचललंच नाही. मग माझं मनगट धरून हात स्वतःच्या उजव्या खांद्यावर नेला. मी नुसता टेकवला तरी घशातला तो आवाज आला. इतके दिवस कूस बदलताना मी त्याच खांद्याला धरून ओढत होते.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बदलल्या, खांद्याखाली उशी द्यायला शिकवलं. थोडं हलकं पडलं, पुरतं नाही. वाचा आली नाही. आता ती येईल असं कुणी म्हणतही नाही.

वहीतलं ‘पाणी’ अजून कोरं करकरीत आहे. काळ्या शब्दाची कड मात्र बोटानं झिजली आणि मागच्या आठवड्यात ख फाटून आला. मी नवा कापायला बसले. पोकळीपाशी आल्यावर हात आपोआप कोयरीकडं वळला. वर पाहिलं तर हे खाटेवरून माझ्या कात्रीकडंच बघत होते.

कोयरी कोरलीच नाही. साधाच कापला, लांबून वाचता येईल असा.