चिनी गुराखी पलूसला येतो

तीन रिकामे म्हातारे रोज दुपारी एका खोलीत बसले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. उसाच्या फडात पाचट साचतं, तसे ते आपोआप साचतात. मग एखाद्या दिवशी कुणीतरी काडी लावतो. आज मी लावतो.

आमची खोली म्हणजे पलूसच्या वाचनालयाचा मागचा हॉल. तिथं पुस्तकं नाहीत, म्हणून माणसं येतात. कुणीतरी देणगी दिलेला मोठा टीव्ही आहे. मी सरकारी कचेरीतला निवृत्त कारकून, म्हणून गावाच्या लेखी अजून 'भाऊसाहेब'. दुसरे सुभेदार, फौजेतून आले आणि उसात पडले. तिसरा तात्या धनगर. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून मेंढरं घेऊन आला आणि ती सुभेदारांच्या रानात खतासाठी बसवली. मेंढरं उठली, पण दोस्ती बसली ती बसलीच.

•••

सुभेदारांची नात सुट्टीला आली आणि जाताना पेनड्राइव्हवर एक पिक्चर ठेवून गेली. कार्टूनचा, चिनी, तिकडच्या कुठल्याशा जुन्या दंतकथेवरचा. सुभेदारांनी निम्मी नोकरी सरहद्दीवर काढलेली. "आमी चायनाला दुर्बिणीतनं बघितलंय. आता टीव्हीत बघायचं व्हय?" असं म्हणून त्यांनी खुर्ची भिंतीकडं फिरवली.

पिक्चर सुरू झाला. डोंगर, धुकं, एक गरीब गुराखी आणि त्याचा बोलणारा म्हातारा बैल. आकाशातली एक विणकर मुलगी खाली येते, त्याच्याशी लग्न करते, दोन पोरं होतात. मग तिची आई वरून उतरते, लेकीला उचलून नेते आणि केसातला आकडा काढून दोघांच्या मधे रेघ ओढते. त्या रेघेची नदी होते. ही तिकडं, तो इकडं.

मी सहज बाजूला पाहिलं, तर सुभेदारांची खुर्ची टीव्हीसमोर, आणि तीही माझ्या पुढं!

विचारलं तर म्हणाले, "टेहळणी."

•••

पिक्चरमधलं बोलणं चिनी आणि खाली अक्षरं इंग्रजी. तात्याला दोन्ही सारखीच. त्यामुळं मोठ्यानं मराठीत सांगायचं काम माझ्याकडं आलं. आता जन्मभर टिपणी लिहिलेला माणूस मी. ताटातुटीच्या प्रसंगाला घसा साफ करून म्हणालो, "सदर महिला आकाशातील कायम रहिवासी असल्याने तिला पतीसोबत राहण्याची परवानगी नाकारण्यात येत आहे."

तात्यानं मान वळवली. "भाऊसाहेब, ती रडतीया, आन तुमी नोटीस वाचताय."

तेव्हापासून मी साधं बोलायला शिकलो. निवृत्तीनंतर.

•••

बैल बोलतो याला तात्याची हरकत नव्हती. "म्हातारा बैल बोलतोच की," म्हणाला. त्याचं अडलं पुढं. बायकोला नेल्यावर गुराखी दोन्ही पोरांना कावडीत बसवतो आणि तिच्या मागं थेट आकाशात जातो. तिथं तात्यानं पिक्चर थांबवायला लावला.

"ह्यो वर गेला. मागं जनावरं कुणाच्या हवाली केली?"

सुभेदार म्हणाले, शेजाऱ्याच्या. तात्या म्हणाला, शेजारी दाखवा. पिक्चर मागं नेला, पुढं नेला. शेजारी काही सापडला नाही. त्या दिवशी गुराखी तसाच अधांतरी राहिला.

आम्ही हसलो, पण जपून. तात्याची बायको, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, पुण्याला असते. मुलाला बाळ झालं म्हणून थोडे दिवस गेली, आणि ते बाळ आता दप्तर घेऊन शाळेत जातं. मुलगा-सून दोघं नोकरीला. मुलगा दर फोनला सांगतो, मेंढरं विका आणि इकडं या. तात्या म्हणतो, बघू. आक्का वर्षातून एकदा, बिरोबाच्या जत्रेला येते, तात्याच्या वाकळा धुऊन उन्हात घालते आणि वाळल्या की जाते.

पुणं काही चीनमध्ये नाही. सातारा गेलं, घाट गेला, की आलंच. पण मेंढरांना एसटीत घेत नाहीत.

•••

कथेच्या शेवटी देवांना जरा दया येते. वर्षातून एका दिवशी सगळे पक्षी जमतात आणि पंखाला पंख लावून त्या नदीवर पूल करतात. तेवढीच त्यांची भेट.

सुभेदार उखडले. "वर्षातनं एकदाच? अरं, फौजेतसुदा दोनदा रजा मिळती."

आणि त्यांची नजर तात्याकडं गेली. तात्या फेटा सोडून पुन्हा बांधत होता. आधीही तो चांगलाच बांधलेला होता.

त्या संध्याकाळी सुभेदारांनी घरी जिलेबी नेली. आख्ख्या संसारात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सुभेदारीणबाई हॉलच्या दारात हजर.

"भाऊसाहेब, खरं सांगा, ह्यांनी केलंय काय?"

•••

सुनेनं तात्याला मोठा फोन पाठवला. आक्काचा व्हिडिओ कॉल आला, की तात्या फोन मेंढरांकडं धरतो. आक्का तिकडून म्हणते, "आवं, तुमी दिसंना." हा म्हणतो, "मी काय बघायचा? ही बघ, हिला जुळी झाली." पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये मेंढरं रोज दिसतात, तात्या दिसत नाही.

मी एकदा म्हटलं, तात्या, फोन जरा तोंडाकडं फिरव की.

"नगं," म्हणाला. "मग ती रडती."

•••

यंदा सुनेचं ऑपरेशन निघालं आणि आक्का जत्रेला आली नाही. जत्रा उठली. पुढं काही दिवसांनी तात्या हॉलवर उशिरा आला. हातात नेहमीची काठी नव्हती. तोच चिनी पिक्चर लावा म्हणाला. मग आक्काला फोन लावून तो टीव्हीसमोर धरला. तिला म्हणाला, बघत बस, भाऊसाहेब सांगतील.

मी सांगत गेलो. फोनमधून आक्काचे हुंकार येत होते, मधेच कुकरची शिट्टी येत होती. नदीचा प्रसंग आला. गुराखी काठावर उभा राहून पलीकडं ओरडतो. मी चष्मा सावरला, तोंड उघडलं, तर तात्यानं मोकळा हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब. हे मी सांगतो."

फोन टीव्हीवरून जराही न हलवता तो म्हणाला, "अगं, त्यो म्हनतोय, मेंढरं इकली. उद्या सकाळच्या गाडीनं येतो."

पडद्यावर फक्त, वारा फार सुटलाय, एवढंच लिहिलेलं होतं. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, भाषांतर बरोबर आहे म्हणून.

फोनमधून गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग आक्का म्हणाली,

"त्यास्नी म्हनावं, गाडी लागती तुमाला. खिडकीपाशी बसा."