उपाशी माणसाचं रक्त

आमच्या लोणावळ्याच्या प्रयोगशाळेतले मदतनीस मामा टाकव्याहून यायचे आणि फ्रिज उघडण्याआधी दारावर टकटक करायचे. आतली अँटिबॉडीची कुपी महागडी, तिला दचकवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. रक्तात भूक वाढवणारं हार्मोन असलं, की ही अँटिबॉडी ते पकडते आणि चाचणीत पिवळा रंग उमटतो.

नवी कुपी आली तेव्हा ती तपासायला उपाशीपोटी रक्त द्यायला मामाच पुढे झाले. "सकाळपासून पाणीबी प्यालो न्हाई," म्हणाले. रंग मात्र जेमतेम उमटला.

"कुपीच खराब दिसते. परत पाठव," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मला म्हणाल्या.

मी खोका उचलला, तसे मामा दारात आडवे उभे राहिले.

"तिला बोल लावू नका, ताई. ती खरं बोलतीय. मीच येताना भजी खाल्लीती."

"किती?" मी विचारलं.

"दोन प्लेटी."

मॅडमना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी मामा खरोखर उपाशी आले, रक्त दिलं आणि निकाल येईपर्यंत कशाला हात लावला नाही. या वेळी गर्द पिवळा रंग चढला. मामा डोळे मोठे करून बघत राहिले.

"आयला, एवढी भूक लागलीती व्हय मला!" म्हणाले, आणि स्वतःचा डबा संपवून मॅडमच्या डब्यातल्या पोळ्याही त्यांनी संपवल्या.